थंडीतली वाइन द्राक्षं: या चुका टाळा

फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत हिमापासून वेली वाचवायला रात्रभर मेणबत्त्या पेटवल्याचे व्हिडिओ पाहून आपल्या बागेचं नियोजन करू नका. तिकडे कडक हिवाळ्यात वेल पानं गाळून झोपलेली असते. उणे १५ अंशांतही तिचे डोळे (जिथून नवी फूट येते ते) तगतात. तिथल्या शेतकऱ्यांना धास्ती असते ती एप्रिलमधल्या हिमाची, कारण तेव्हा कोवळी फूट बाहेर आलेली असते. आपली वेल ऑक्टोबर छाटणीनंतर ऐन हिवाळ्यात घड घेऊन उभी असते. थंडीच्या लाटेत परभणीचा पारा ५-६ अंशांवर येतो. तेवढ्यानं पाणी गोठत नाही, पण मुळांचं काम मंदावतं, मणी फुगत नाहीत आणि साखर भरायला उशीर होतो.

अशा वेळी खताचा डोस वाढवण्याची घाई नडते. गारठलेली मुळं ते उचलतच नाहीत. वरून नत्र जास्त झालं तर लुसलुशीत फूट येते आणि तिच्यावर भुरी (पांढरी बुरशी) बसते. छाटणी नोव्हेंबरात ढकलली तरी तोच ताप: डोळे मागेपुढे फुटतात आणि कोवळी फूट थेट थंडीत सापडते.

सगळ्यात जास्त चुका पाण्यात होतात. काळी जमीन कोरडी पडून भेगाळली की दिवसाची ऊब धरून ठेवत नाही. ओली जमीन ती साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. म्हणून लाटेचा अंदाज आला की आधीच ठिबकनं थोडं थोडं पाणी देऊन बोद (वेलीच्या ओळीतला मातीचा उंचवटा) वाफशावर, म्हणजे चिखल न होता ओलसर, ठेवा. पाण्याचा ताण दिलेल्या बागेला एकदम भरपूर पाणी सोडलंत तर पिकत आलेले मणी तडकतात. पहाटे पाणी द्यायचंच असेल तर विहिरीचं द्या, ते कोमट असतं. जालन्याच्या कडवंचीसारख्या गावांत बागा शेततळ्यांवर उभ्या आहेत, आणि शेततळ्याचं पाणी त्या वेळी थंडगार असतं. बोदावरचं पाचट राहू द्या, मुळांना ऊब राहते. दोन ओळींमधलं उंच गवत मात्र काढा, ते जमिनीची ऊब वर येऊ देत नाही.

शेकोटी करताना धुरावर भरवसा ठेवू नका. धूर ऊब अडवत नाही, काम करते ती आच. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते. बागेत ठिकठिकाणी लहान शेकोट्या बऱ्या.

मोबाइलवरचा आकडा तुमच्या बागेचा नसतो. थंड हवा पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि सखल कोपऱ्यात साचते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पानाचं तापमान हवेपेक्षाही खाली जातं. म्हणून त्याच कोपऱ्यात, घडांच्या उंचीवर, कमाल-किमान तापमापक टांगा.

खायच्या द्राक्षांत पिंक बेरी (थंडीनं मणी गुलाबी पडणं) टाळायला घड कागदात गुंडाळतात. शिराझ, कॅबर्ने या वाइनच्या काळ्या जातींना तो खर्च नको, तिथं रंग हवाच असतो.

एखाद्या पहाटे सखल भागात पानं काळवंडलीच तर लगेच कात्री लावू नका. आठ-दहा दिवस थांबा. काडी कुठवर जिवंत आहे ते दिसू लागलं की मगच छाटा.