नवा सायलेन्सर बसवलात? मग रोलरचं वजनही बघा

कार्ब्युरेटरच्या स्कूटरला मोकळा सायलेन्सर लावला की आवाज वाढतो, पण पणजीत अल्तिनोच्या चढावर गाडी दम टाकते. इंजिनाची ताकद आता वरच्या आरपीएमला येते आणि बेल्टच्या पुढच्या पुलीतले जुने जड रोलर (छोटी गोल वजनं) त्याआधीच गिअर वाढवून मोकळे होतात.

आधी स्पार्क प्लग काढून पाहा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय; कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) एक नंबर मोठा घाला. मगच व्हेरिएटर, म्हणजे ती पुढची पुली, उघडा. सगळे रोलर एकदम बदला, प्रत्येकी अर्धा ते एक ग्रॅम हलके, आणि त्याच चढावर पुन्हा चालवून बघा. फार हलके घातले तर इंजिन नुसतं ओरडतं, टॉप स्पीड घटतो, पेट्रोलही जास्त लागतं. रोलरना ग्रीस मात्र लावू नका.

खरा घोळ जोडताना होतो. मागची पुली हातांनी फाकवून बेल्ट आत खोल दाबा, म्हणजे तो पुढे ढिला पडेल. नाहीतर बेल्ट पुढच्या पुलीत चिमटतो, तिचा नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चालत्या गाडीत सैल होऊन शाफ्टचे दाते खातो. म्हणून शेवटचा पीळ टॉर्क रेंचनेच (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना), कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याइतका.