स्टेटमेंटमध्ये न आठवणारी रोख उचल दिसली तर
नोंदीतली तारीख जशीच्या तशी धरू नका. रविवारी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ काढलेले पैसे सोमवारच्या तारखेला पडू शकतात, म्हणून आदल्या दोन-तीन दिवसांचे बँकेचे एसएमएस चाळा आणि रक्कम जुळवा. घरात कुणी कार्ड नेलं होतं का, तेही विचारा.

खाली 27.14 रुपये कापलेले दिसले, तर ते बहुधा मोफत व्यवहार संपल्याचं शुल्क: 23 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर नाशिकला महिन्याला 5 व्यवहार मोफत, मुंबईत 3 (शिल्लक बघणंही त्यात मोजतात).

काहीच जुळलं नाही तर कार्ड लगेच ब्लॉक करा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा आणि 3 कामकाजी दिवसांच्या आत बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. बँकेचा नंबर मात्र कार्डाच्या मागचाच वापरा, गूगलवर शोधलेला नको.