आतषबाजीचे फोटो: रंग जळू न देता कसे काढावेत

डोळ्यांना लाल, सोनेरी, निळी दिसलेली आतषबाजी फोटोत पांढरीफटक येते, ही बहुतेक हौशी छायाचित्रकारांची तक्रार असते. दोष बहुधा ऑटो मोडचा असतो. चौकटीत अंधारच जास्त, म्हणून कॅमेरा आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवत नेतो आणि प्रखर ठिणग्यांचा रंग जळून जातो. म्हणून आधी कॅमेरा मॅन्युअलवर न्या, म्हणजे सगळं तुम्हालाच ठरवता येईल. पुढचं सगळं मुंबईची दिवाळी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, पण गावच्या जत्रेतल्या शोभेच्या दारूलाही ते तसंच लागू पडतं.

१. जागा उजेडात हेरून ठेवा. नुसतं काळं आकाश आणि त्यात फुटलेलं रॉकेट, हा फोटो कुठलाही असू शकतो. मरीन ड्राइव्हवर नरिमन पॉइंटच्या बाजूने उत्तरेकडे पाहिलं की दिव्यांची कमान, गिरगाव चौपाटी आणि मलबार हिल एका चौकटीत येतात. आतषबाजीला ठिकाण मिळतं. सोसायटीची गच्चीही उत्तम, फक्त परवानगी आधी घ्या. वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल असं उभं राहा, नाहीतर सगळा धूर तुमच्याकडेच येईल. दिवाळीच्या सुमारास वारा पडलेला असला तर धूर हलतच नाही, म्हणून सुरुवातीचा वेळ वाया घालवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली होती. यंदाचा स्थानिक आदेश पाहून घ्या आणि ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास तरी आधी पोहोचा.

२. ट्रायपॉड लावा. त्याला पर्याय नाही. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद करा आणि यूव्ही फिल्टर काढून ठेवा. रस्त्यावरच्या दिव्यांची भुतं, म्हणजे नको असलेली प्रतिबिंबं, त्यातूनच उमटतात. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून रिमोट वापरा.

३. फोकस एकदाच करा. दूरच्या इमारतीतल्या दिव्यावर ऑटोफोकस करून लगेच मॅन्युअलवर टाका. झूम बदललात तर फोकस पुन्हा तपासा.

४. अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) आणि शटर (प्रकाश किती वेळ येऊ द्यायचा ते ठरवणारा पडदा) यांची कामं वेगळी समजून घ्या. आतषबाजीच्या फोटोचं मर्म इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ठिणगी धावत असते. सेन्सरच्या एकेका बिंदूवर तिचा प्रकाश क्षणभरच पडतो. म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवल्याने तिची रेघ उजळ होत नाही, फक्त लांब होते. रेघ किती उजळ आणि किती रंगीत, हे अॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात. इमारती मात्र जागच्या हलत नाहीत. शटर जितका वेळ उघडं, तितक्या त्या उजळत जातात. थोडक्यात, रंग बिघडला तर अॅपर्चर बदला आणि शहर फार उजळलं तर शटरचा वेळ कमी करा.

सुरुवात आयएसओ १०० आणि एफ ८ ने करा. एफचा आकडा जितका मोठा, तितकं अॅपर्चर लहान. रंग उडालेले दिसले तर एफ ११, अगदी जवळच्या आतषबाजीला एफ १६. सगळे रंग सारखे प्रखर नसतात. मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियमची पांढरी ठिणगी सर्वांत झगझगीत. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, पिवळा सोडियमचा. निळा तांब्याच्या संयुगांतून येतो. ती जास्त तापमानात टिकत नाहीत, म्हणून चांगला निळा बनवणं कारागिरांनाही अवघड जातं. तो दिसला तर अॅपर्चर थोडं मोठं करून जपून टिपा.

५. बल्ब मोडवर या, म्हणजे तुम्ही ठरवाल तितका वेळ शटर उघडं राहतं. रॉकेट वर जाताना दिसलं की शटर उघडा, शेवटच्या ठिणग्या विझल्या की बंद करा. साधारण २ ते ५ सेकंद लागतात. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले ठिपके पुसण्याची कॅमेऱ्यातली सोय) बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ अडकून बसतो.

दिवाळीत मात्र रॉकेटं ठरवून सुटत नाहीत. एक या गच्चीवरून, दुसरं पलीकडच्या गल्लीतून. अशा वेळी काळा पुठ्ठा कामी येतो. शटर उघडंच ठेवा, पुठ्ठा लेन्ससमोर धरा, रॉकेट फुटताना बाजूला करा आणि पुन्हा झाका. पुठ्ठा लेन्सला लागू देऊ नका. झाकलेल्या वेळात शहराचा उजेड साचत नाही. असे अनेक फुलोरे एकाच फोटोत येतात. मला तीन पुरेसे वाटतात. त्याहून जास्त झाले की नुसता गुंता दिसतो.

६. फोनवर काढत असाल तर प्रो मोड उघडा, आयएसओ १०० किंवा त्याहून कमी, शटर २ सेकंद, फोकस अनंतावर. फोन स्टँडवर बसवा आणि टायमरऐवजी जमलं तर इअरफोनचं बटण वापरा.

७. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, ठेवा. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कसा दिसावा हे ठरवणारी सेटिंग) डेलाइटवर कायम असू द्या, म्हणजे सगळ्या फोटोंचे रंग एकमेकांशी जुळतात. पहिल्या दोन-तीन फोटोंनंतर स्क्रीनवर झूम करून फुलोऱ्याचा मधला भाग पाहा. तो पांढरा झाला असेल तर अॅपर्चर तिथेच एक स्टॉप लहान करा, म्हणजे एफ ८ वरून एफ ११. फोटो अंधारा वाटला तर घरी संगणकावर उजळता येतो. जळालेला रंग मात्र रॉमधूनही परत येत नाही.