नागपूरच्या उन्हात विमानात बॅगा भरताना

विमान थांबलं म्हणून लगेच धावू नका. इंजिनं बंद, चाकांना चोक (चाकं सरकू नयेत म्हणून लावायचे ठोकळे) आणि पोटाखालचा लाल दिवा विझलेला, मगच जवळ जा. टॅगवरची तीन अक्षरं वाचा: मुंबई बीओएम, दिल्ली डीईएल. मागच्या प्रवासाचा टॅग लटकत राहिला, तर स्कॅनर तोच बारकोड पकडतो आणि बॅग भलत्याच गावी जाते.

छोट्या विमानाच्या होल्डमध्ये, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, गुडघ्यांवरच काम करावं लागतं, म्हणून नी-पॅड हवेतच. बॅग अंगालगत धरा, कंबर पिळू नका. जड बॅगा खाली. शेवटी जाळी ताणून अडकवा, नाहीतर माल सरकून विमानाचा तोल बिघडतो.

मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा ट्रॉलीचा लोखंडी दांडा उघड्या हाताने धरायचा नाही. पाणी तहान लागण्याआधीच प्या.