अमेरिकेत एमएस किंवा पीएचडीला जाताना: अर्ज आणि घर, दोन्हींचा विचार एकत्र कसा करावा

साधारण क्रम असा असतो: आधी विद्यापीठांची यादी, मग परीक्षा, अर्ज, प्रवेश, व्हिसा आणि सगळ्यात शेवटी, जुलै उजाडल्यावर, घर. यात घराचा नंबर फार उशिरा लागतो. पुढची दोन वर्षं, आणि पीएचडी असेल तर पाच-सहा वर्षं, ज्या गावात काढायची तिथलं भाडं, थंडी आणि बससेवा यांचा अभ्यासावर रोज परिणाम होतो. म्हणून कुठे शिकायचं हे ठरवतानाच कुठे आणि कसं राहायचं हेही ठरवायला लागा.

१. यादी बनवताना

रँकिंग बघा, पण यादी त्यावरून बनवू नका. पीएचडीसाठी प्रत्येक विभागात निदान दोन-तीन प्राध्यापक असे हवेत की ज्यांच्या हाताखाली काम करायला तुम्हाला मनापासून आवडेल. एकाच नावावर भिस्त ठेवलीत आणि ते प्राध्यापक दुसरीकडे गेले किंवा त्यांच्याकडचं फंडिंग संपलं, तर तुम्ही अडकता. त्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर चाळा. ते यंदा विद्यार्थी घेणार आहेत का, हे बरेच जण आपल्या वेबसाइटवर लिहितात. एमएससाठी मात्र विषय, थिसिसची सोय आणि एमएसच्या मुलांना असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करायची आणि त्याचे पैसे घ्यायचे अशी सोय) मिळते का, हे आधी तपासा. काही विभागांत ती जवळपास पूर्णपणे पीएचडीवाल्यांकडे जाते.

यादीत विद्यापीठाच्या नावापुढे आणखी एक रकाना करा: राहण्याचा खर्च. एमआयटीचं ‘लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर’ इंटरनेटवर मोफत आहे. काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निवडली की एकट्या माणसाला घर, जेवण, प्रवास, आरोग्य यांवर वर्षाला अंदाजे किती लागतात ते दिसतं. हा आकडा स्टायपेंडशेजारी, म्हणजे विद्यापीठाकडून खर्चासाठी मिळणाऱ्या पैशांशेजारी, लिहा. बॉस्टनमध्ये ज्या स्टायपेंडमध्ये महिनाअखेर ओढाताण होते, तेवढ्याच पैशात इलिनॉयमधल्या अर्बाना-शॅम्पेनसारख्या गावात निवांत राहता येतं. तिथे तर विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं की शहर बसचं तिकीटही लागत नाही.

२. वेळापत्रक

फॉल म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवेशासाठी पीएचडीच्या बहुतेक मुदती आदल्या डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतात. एमएसच्या डिसेंबर ते फेब्रुवारी, काही त्याहून पुढे. तिथून उलटं मोजत या. जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते का, हे विद्यापीठाच्या नव्हे तर विभागाच्या पानावर बघा, कारण अनेक विभागांनी ती काढून टाकली आहे. सप्टेंबर २०२३पासून ही परीक्षा जेमतेम दोन तासांची झाली आहे आणि स्कोअर ५ वर्षं चालतो. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअर मात्र २ वर्षांपुरताच धरतात. मुदतीची वेळ कोणत्या टाइम झोनची आहे तेही वाचून ठेवा.

प्रत्येक अर्जाला वेगळी फी असते, त्यामुळे यादी लांबली की खर्चही वाढतो. आर्थिक अडचण असेल तर फी माफ होईल का, असं विभागाला ईमेल करून मुदतीआधी विचारा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. आणि फॉर्ममध्ये टक्केवारीचं जीपीए स्वतः करून भरू नका. तसं स्पष्ट मागितलं नसेल तर मार्कशीटवर आहे तसंच लिहा.

३. एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचा निबंध) आणि शिफारसपत्रं

‘मला लहानपणापासून संगणकाची आवड आहे’ अशी सुरुवात निवड समितीने ढिगाने वाचलेली असते. त्याऐवजी हे बघा: ‘शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आमचं मॉडेल दिवसाच्या फोटोंत गाड्या बरोबर ओळखायचं, रात्रीच्या फोटोंत चुकायचं. फोटोंची संख्या दुप्पट करूनही फरक पडेना, तेव्हा मी चुकलेले फोटो एकेक करून तपासायला घेतले.’ इथे वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस अडल्यावर काय करतो. संशोधनाला नेमकं तेच लागतं. पुढे तुम्हाला काय शोधायचंय आणि त्यासाठी हाच विभाग का, एवढं आलं की पुरे. विद्यापीठाची स्तुती करायची गरज नाही, ते त्यांना माहीत असतं.

शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात. मोठ्या हुद्द्याच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या सरांपेक्षा, ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलंय अशा मॅडमचं पत्र जास्त उपयोगी पडतं. त्यांना सप्टेंबरमध्येच विचारा. सोबत तुमचा सीव्ही, एसओपीचा मसुदा आणि सगळ्या मुदती एका कागदावर द्या.

४. ऑफर आल्यावर

‘फुल फंडिंग’ हे शब्द वाचून लगेच होकार कळवू नका. ऑफरचं पत्र सावकाश वाचा. स्टायपेंड ९ महिन्यांचा की १२? नऊ असेल तर उन्हाळ्यात काय? ट्यूशन (शिकवण्याचं शुल्क) माफ आहे, पण ‘फी’ या नावाखाली वेगळे पैसे भरायचे आहेत का? आरोग्यविमा कोण भरणार? फंडिंगची हमी किती वर्षांची? स्टायपेंडवर करही लागतो, त्यामुळे पत्रातला आकडा जसाच्या तसा हातात येत नाही. आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. म्हणजे उरलेली तूट नोकरीने भरून काढू, हा हिशेब बहुतेकदा जमत नाही.

उत्तर देण्याची घाई कोणी करत असेल तर एक तारीख लक्षात ठेवा: १५ एप्रिल. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सह्या केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीच्या ऑफरबाबत त्याआधी उत्तराची सक्ती करत नाहीत. फंडिंग नसलेल्या एमएसच्या प्रवेशाला मात्र हा ठराव लागू नाही. तिथली मुदत पत्रात बघा.

हा मधला काळ तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलण्यात घालवा. ‘डिपार्टमेंट कसं आहे?’ असं विचारलंत तर ‘छान आहे’ असंच उत्तर येणार. नेमकं विचारा. तुम्ही कुठे राहता, भाडं किती? रात्री दहाला लॅबमधून घरी कसे जाता? पहिला पगार कोणत्या तारखेला आला? सर शेवटचं कधी भेटले? आणि जमलं तर ग्रुप सोडून गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्यालाही गाठा.

५. घर

पहिल्या वर्षासाठी विद्यापीठाचं ग्रॅज्युएट हाउसिंग मिळत असेल तर ते घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. खोली लहान असेल, कदाचित थोडी महागही. पण बाहेरचा घरमालक क्रेडिट हिस्टरी (आधीची कर्जं आणि बिलं वेळेवर फेडल्याची नोंद) मागतो, ती नव्या विद्यार्थ्याकडे नसते. मग अमेरिकेतला को-सायनर (भाड्याची हमी घेऊन सही करणारा) शोधा किंवा जास्त डिपॉझिट भरा, असं सुरू होतं. विद्यापीठाच्या घरात हे बहुधा टळतं. त्याचा अर्ज वेगळा असतो आणि अनेक ठिकाणी लॉटरी असते, म्हणून प्रवेश पक्का केला त्याच आठवड्यात तो भरा.

बाहेर राहायचं तर आधी तारखा जुळवा. एफ-१ व्हिसावर पहिल्यांदा जाताना आय-२०वरच्या (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावरच्या) सुरुवातीच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३० दिवस अमेरिकेत प्रवेश मिळतो. दुसरीकडे, विद्यार्थ्यांच्या गावांत लीजही (भाडेकरारही) ठरावीक तारखांनाच बदलतात. बॉस्टनमध्ये बरीच घरं १ सप्टेंबरला मिळतात, मॅडिसनमध्ये १५ ऑगस्टच्या सुमारास. तुमचं ओरिएंटेशन त्याआधी असेल तर मधल्या दिवसांसाठी सबलेट (दुसऱ्या भाडेकरूकडून थोड्या दिवसांसाठी घेतलेली जागा) किंवा सीनियरकडे सोय आत्ताच बघून ठेवा.

सुरुवातीला किती पैसे लागतील तेही मोजा. मॅसॅच्युसेट्समध्ये घरमालक पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं आणि एका महिन्याइतकं डिपॉझिट आधीच मागू शकतो. म्हणजे तीन महिन्यांची रक्कम एकदम, तीही पहिला पगार हातात यायच्या आधी.

भाड्याची तुलना करताना हीटिंग धरूनच करा. थंड राज्यांत हीटिंग भाड्यात नसेल तर स्वस्त वाटणारं घर जानेवारीत महाग पडतं. अंतर मैलांत न मोजता बसच्या वेळापत्रकात मोजा. रविवारी आणि सुट्टीत ती बस असते का, तेही बघा.

६. सही करण्याआधी

चार जणांच्या लीजमध्ये प्रत्येक जण एकट्याने आणि सगळे मिळून पूर्ण भाड्याला जबाबदार आहेत, असं कलम बहुधा असतं. म्हणजे एक रूममेट निघून गेला तर त्याचा हिस्सा उरलेल्यांकडून वसूल होतो. शक्य असेल तर प्रत्येक खोलीचं वेगळं लीज घ्या. सबलेटला परवानगी आहे का, हेही आधीच वाचा, कारण उन्हाळ्यात इंटर्नशिपला गेलात तरी बारा महिन्यांचं भाडं चालूच राहतं.

भाडं आसपासच्या घरांपेक्षा फारच कमी, मालक परदेशात, किल्ली पोस्टाने येणार आणि पैसे आजच वायर करायचे: असं दिसलं की तिथेच थांबा. थेट व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा किंवा तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला पाहून यायला सांगा. बहुतेक काउंटींच्या वेबसाइटवर मालमत्तेचा मालक कोण ते दिसतं. लीजवरचं नाव त्याच्याशी ताडून बघा. मालकाच्या वतीने एखादी कंपनी घर सांभाळत असेल तर तिच्या ऑफिसात स्वतः फोन करून खात्री करा.

घर ताब्यात घेताना, सामान आत नेण्याआधी, भिंती, कार्पेट, शेगडी, नळ आणि खिडक्यांचे फोटो काढा. आधीपासूनची मोडतोड लिहून फोटोंसह त्याच दिवशी मालकाला ईमेल करा. घर सोडताना डिपॉझिटमधून काही कापायला निघाले, तर हाच ईमेल पुरावा म्हणून दाखवता येईल.