नळी साफ, पण खाचा शाबूत : .२२ रायफलीच्या बॅरलची निगा

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन (पोटावर झोपून) प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) कांस्यपदक जिंकले. त्यांच्याकडे पाहून दहा मीटर एअर रायफलीपासून सुरुवात करणारी आणि पुढे .२२ (०.२२ इंच व्यासाच्या) रायफलीकडे वळणारी अनेक मुले-मुली आज रेंजवर दिसतात. त्यांना पोझिशन, श्वास, ट्रिगर या गोष्टी पहिल्या दिवसापासून काळजीपूर्वक शिकवल्या जातात. रायफल साफ करण्याचे शिक्षण मात्र बहुधा जाता-जाता, कोणाचे तरी पाहून होते. क्लबच्या रायफलींची देखभाल करताना माझे एक मत पक्के झाले आहे, की .२२ ची बॅरल गोळ्या झाडून जितकी झिजते, त्याहून लवकर ती चुकीच्या सफाईने बिघडते. देखभालीचे काम शिकू पाहणाऱ्यांनी आणि स्वतःची रायफल स्वतः साफ करणाऱ्यांनी हे आधी नीट समजून घ्यावे.

बॅरलच्या आत काय असते, येथून सुरुवात करू. .२२ ची गोळी साधारण ५.६ मिलिमीटर व्यासाची, ४० ग्रेन म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची आणि मऊ शिशाची असते. तिच्यावर मेणासारख्या वंगणाचा थर असतो. नळीतील सर्पिल खाचांची खोली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. एवढ्याशा खोलीच्या कडा गोळीला फिरकी देतात आणि ५० मीटरवर अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळात तिला नेऊन पोहोचवतात. मॅचची काडतुसे ध्वनीच्या वेगाखालीच राहतात, शिसे मऊ असते आणि दारूही थोडी असते. त्यामुळे नीट सांभाळलेली चांगली बॅरल हजारो फैरी झाडूनही अचूक राहते. बाहेरून आत जाणारा धातूचा रॉड आणि त्याला चिकटलेली धूळ यांना मात्र ही सवलत लागू नाही.

बॅरल रोज घासून लख्ख केलीच पाहिजे, हा आग्रह आपल्याकडे लष्करी परंपरेतून आला आहे. जुन्या .३०३ लष्करी रायफलीच्या काळातील काडतुसांच्या कॅपमधील (दारू पेटवणाऱ्या टोपीतील) रसायन जळाल्यावर नळीत क्षार उरत, ते हवेतील ओलावा ओढून घेत आणि पोलाद गंजवत. म्हणून त्या काळी फायरिंगनंतर नळीत उकळते पाणी ओतून तिला कोरडी करण्याची आणि तेल देण्याची शिस्त होती, आणि ती योग्यच होती. एनसीसीत ज्यांनी पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चार बाय दोन इंचांची चिंधी हाताळली आहे, त्यांच्या हातात तीच शिस्त उतरलेली असते. आजच्या मॅच काडतुसांच्या पेटवणाऱ्या रसायनातून ते क्षार उरत नाहीत, त्यामुळे त्या सफाईमागचे मूळ कारण उरलेले नाही. शिवाय पुल-थ्रूची दोरी तिरकी ओढली गेली, तर ती नळीच्या तोंडाची एकच बाजू घासत राहते. लष्करी रायफलीतही ही झीज ओळखीची होती. मॅच रायफलीसाठी मी दोरी वापरत नाही आणि कोणाला वापरूही देत नाही.

साधनांत सर्वांत महत्त्वाचा रॉड. तो अखंड, एकाच तुकड्याचा असावा. तीन-चार तुकडे आट्यांनी जोडून होणारे ॲल्युमिनियमचे रॉड स्वस्त असतात आणि प्रवासात सोयीचे वाटतात. पण ते वाकतात, प्रत्येक जोडावर किंचित पायरी तयार होते आणि ती पायरी खाचांच्या कडांवर आपटत जाते. वर प्लॅस्टिकचा थर असलेला पोलादी रॉड बरेच जण पसंत करतात, तर काही अनुभवी मंडळी गुळगुळीत पोलादी रॉडच बरा मानतात, कारण मऊ थरात धुळीचे कण रुतून बसतात. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. निर्णय कोणताही घ्या, पण नळीत घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी रॉड कोरड्या फडक्याने टोकापासून मुठीपर्यंत पुसायला विसरू नका. मूठ बेअरिंगवर फिरणारी असावी, म्हणजे ब्रश किंवा पॅच (सफाईचा कापडी तुकडा) खाचांच्या वळणाबरोबर फिरत पुढे जातो.

दुसरे साधन बोअर गाईड. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून त्याच्या जागी ही पोकळ नळी बसवली, की रॉड चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) बरोबर मधोमध येतो, वाकून कडांना लागत नाही आणि सॉल्व्हंट (काजळी विरघळवणारे द्रावण) ट्रिगरमध्ये किंवा लाकडी स्टॉकमध्ये उतरत नाही. नवशिके पैसे वाचवण्यासाठी हेच साधन टाळतात. मी त्यांना सांगतो, की महागडे सॉल्व्हंट एक वेळ राहू द्या, पण बोअर गाईड आधी घ्या.

प्रत्यक्ष कृती अशी. चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, बोल्ट काढावा, रायफल गादी लावलेल्या स्टँडवर ठेवावी आणि मझल (नळीचे पुढचे तोंड) किंचित खाली राहील अशी कलती करावी. मझलपुढे एक्स्टेन्शन ट्यूब असेल तर ती काढून ठेवावी, नाहीतर बाहेर पडलेली घाण तिच्यातच साचते. मग सॉल्व्हंटने ओला केलेला पॅच जॅगवर (रॉडच्या टोकाला लावायच्या तुकड्यावर) बसवून चेंबरकडून मझलकडे एका सलग, संथ गतीने ढकलावा. पॅच बाहेर आला, की तो तिथेच काढून टाकावा आणि मगच रिकामा रॉड हळू मागे घ्यावा. मळलेला पॅच त्याच वाटेने परत ओढला, तर बाहेर काढलेली काजळी पुन्हा आत जाते. पाच-दहा मिनिटे थांबून दुसरा, तिसरा पॅच घालावा. पहिला पॅच काळा आणि मेणचट येतो. त्यानंतरचे राखाडी होत जातात आणि कधी त्यांवर शिशाच्या बारीक चंदेरी रेषा दिसतात. पॅच फिका राखाडी येऊ लागला, की मी थांबतो. पांढराशुभ्र पॅच येईपर्यंत घासत राहण्याने नेमबाजाच्या पदरात काहीच पडत नाही. रोजच्या सरावानंतर फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्यांचीही सफाई पुरते. त्या नळीत घट्ट बसतात आणि मऊ असल्याने निर्धोक असतात.

ब्रशची गरज मुख्यतः चेंबरच्या पुढच्या काही सेंटिमीटरपुरतीच असते. काडतुसाचे तोंड जिथे संपते, तिथे काजळीचे कडे धरते. काडतुसाच्या पेटवणाऱ्या रसायनात घर्षणासाठी काचेची पूड असू शकते, आणि तिचे कण काजळीत मिसळून नळीच्या तळाशी बसतात. हे कडे डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळते : घट्ट बसणारा कोरडा पॅच ढकलताना सुरुवातीलाच रॉड क्षणभर अडखळतो आणि मग एकदम सैल सुटतो. असा अडसर लागला, तर त्या जागी सॉल्व्हंट थोडा वेळ मुरू द्यावे आणि मग कांस्याचा ब्रश वापरावा. पोलादी तारांचा ब्रश .२२ च्या नळीत कधीही घालू नये. ब्रशची दिशा नळीच्या मध्यात उलटवू नये. तो मझलमधून पूर्ण बाहेर काढावा आणि तिथेच आटे फिरवून सोडवावा. घासणारी पेस्ट नवशिक्याने हातातही घेऊ नये, कारण तिने पोलाद कापले जाते आणि कापलेले पोलाद परत येत नाही. तांबे काढणारी अमोनियायुक्त रसायनेही इथे निरुपयोगी आहेत, कारण .२२ च्या मॅच गोळीला तांब्याचे आवरणच नसते.

आता मझलच्या कडेविषयी, म्हणजे क्राउनविषयी. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू तिच्याभोवती चहूबाजूंनी सारखा सुटला पाहिजे. कडेवर एका बाजूला बारीकसा ओरखडा असला, तरी गोळीला तिरका धक्का बसतो. चांगल्या भिंगातून क्राउन पाहण्याची सवय लावून घ्या. त्यावर काजळीचा नक्षीसारखा उमटलेला आकार सर्व बाजूंनी सारखा असेल, तर काळजी नाही. एका दिशेला लांब फटकारा दिसत असेल, तर जाणकाराला दाखवा. रॉड कधीही मझलकडून आत घालू नका आणि परत घेताना त्याचे टोक त्या कडेला टेकू देऊ नका.

हल्ली स्वस्त बोअरस्कोप (नळीच्या आत पाहायचे कॅमेरे) सहज मिळतात. ते उपयुक्त आहेत, पण पडद्यावर अनेक पटींनी मोठी दिसणारी काळी पुटे पाहून नवशिका घाबरतो आणि घासत सुटतो. बॅरलचा न्याय लक्ष्यावरच्या ग्रुपने, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांच्या पुंजक्याने, करावा. म्हणून प्रत्येक रायफलीची एक वही ठेवा : तारीख, झाडलेल्या फैरी, काडतुसाचा लॉट (खेप), सफाई कोणती केली आणि टेकूवरून घेतलेला दहा गोळ्यांचा ग्रुप. काही महिन्यांत त्या बॅरलचा ग्रुप किती फैरींनंतर पसरू लागतो हे वहीतच दिसू लागते. माझा प्रघात असा, की सरावाच्या दिवसाअखेर दोन-तीन पॅच आणि साधारण चार-पाचशे फैरींनंतर ब्रशसह सफाई. पण तुमच्या वहीने वेगळे सांगितले, तर वहीचे ऐका.

सफाईनंतरच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, कारण नळीत वंगणाचा पातळ थर पुन्हा तयार व्हावा लागतो. काडतुसाचा ब्रँड बदलला, तरी हेच घडते. प्रत्येकाचे वंगण निराळे असते. त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या रात्री बॅरल कोरी करून सकाळी थेट गुणांच्या गोळ्या झाडणे चुकीचे आहे. मोठी सफाई स्पर्धेच्या काही दिवस आधी उरकावी आणि नंतर सरावाच्या फैरी झाडून नळी स्थिरावू द्यावी.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात आणि पुण्यातही हवेतील ओलावा हाच मोठा शत्रू असतो. रायफल ठेवण्यापूर्वी नळीतून तेलाचा अगदी हलका पॅच फिरवावा, आणि फोमच्या बंद केसमध्ये तिला आठवडेच्या आठवडे ठेवू नये, कारण फोम ओल धरतो. पुढच्या वेळी फायरिंगआधी कोरड्या पॅचने ते तेल पुसून काढावे. एअर रायफलीत दारूच नसल्याने तिला याहून फारच कमी लागते. अधूनमधून फेल्टच्या गोळ्या पुरेशा होतात.

हे काम कोणा ज्येष्ठाच्या शेजारी उभे राहूनच नीट येते. पुण्याची बालेवाडी रेंज असो वा गावातली लहान रेंज, तिथल्या देखभाल करणाऱ्या सरांना विचारून आधी नुसते पाहा, मग क्लबच्या जुन्या बॅरलवर हात बसवा. .२२ ला परवाना लागतो, म्हणून सफाईसुद्धा परवानाधारकाच्या किंवा क्लबच्या देखरेखीखालीच करावी. पॅचवरच्या काळ्या मळीत शिसे असते, तेव्हा हातमोजे घाला, त्या टेबलावर डबा उघडू नका, वापरलेले पॅच बंद पिशवीत टाका आणि घरी निघण्यापूर्वी हात साबणाने व थंड पाण्याने स्वच्छ धुवा.