बिनबिलाचं 'तणनाशकाला न मरणारं' सोयाबीन बी कोणी देत असेल तर घेऊ नका

मंडळी, मृग तोंडावर आलाय. वरकसात (उताराच्या हलक्या जमिनीत) यंदा नाचणीच्या जागी थोडं सोयाबीन टाकून बघू म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. घाटावरनं कोणी बिनटॅगचं, बिनबिलाचं बी आणून सांगेल की यावर बिनधास्त ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, गवत जळेल आणि पीक तसंच उभं राहील, तर ते बी घेऊच नका. असं एचटी, म्हणजे तणनाशक सहन करणारं, सोयाबीन पेरायला आपल्या देशात परवानगी नाही, आणि बी साधं निघालं तर गवताबरोबर पीकही जळणार, मग हातात पावती नाही तर तक्रार कुठे घेऊन जाणार?

बरं, बी खरं निघालं तरी सुख टिकत नाही. अमेरिकेत १९९६ पासून हे सोयाबीन आहे, लोकांनी बाकी सगळं सोडून एकच औषध धरलं, आणि २००५ मध्ये तिथल्या जॉर्जिया राज्यात माठाच्या जातीचं एक तण ग्लायफोसेटला दाद देईना हे पक्कं झालं. होतं काय, लाखो झाडांत एखादं झाड मुळातच औषधाला तग धरतं, बाकीची मरतात आणि पुढच्या वर्षी शेतात त्याचंच बी उगवतं. मग तिकडे डायकांबा हे दुसरं तणनाशक सहन करणारं सोयाबीन आणलं, तर २०१७ मध्ये ते औषध उडून शेजाऱ्यांच्या साध्या सोयाबीनवर गेलं, पानं गोळा झाली, प्रकरणं कोर्टात गेली. आपल्याकडे तर शेतं एकमेकाला खेटून आणि वरनं समुद्राचा वारा, त्यामुळे शेजाऱ्याच्या भाताला किंवा परसातल्या भाजीला झळ लागायला कितीसा वेळ लागतोय.

साध्या सोयाबीनला इमाझेथापायर १० टक्केवालं तणनाशक चालतं, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत, तण दोन-चार पानांवर असताना, एकरी ४०० मिली, २०० लिटर पाण्यातनं. डोस वाढवू नका हो, आपली जांभ्याची माती आंबट, तिच्यात हे औषध जास्त दिवस चिकटून राहतं आणि मागनं मुळा किंवा दुसरी भाजी लावली तर रोपं खुरटतात. भाताला तर ते बिलकुल सोसत नाही, म्हणून तोच पंप भाताकडे न्यायचा असेल तर साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, नोझल आणि नळी पण, आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा पऱ्यात (ओढ्यात) ओतू नका.

फवारणीनंतर पाच-सहा तास उघडीप मिळेल असाच दिवस धरा, जूनमध्ये हेच अवघड, पण सरीत धुऊन गेलं की पैसेही गेले. एक कोळपणी किंवा बेणणी ठेवाच, आणि दरवर्षी तेच औषध नको. फवारूनही जे तण हिरवंच राहील ते फुलावर यायच्या आत उपटा आणि आपल्या कृषी सहायकाला नेऊन दाखवा.